पासष्टावा कोयता

आमदार निवास, मुंबई
१८ एप्रिल १९७२

ती. आक्कास गोरक्षनाथाचा दंडवत.

सुखरूप पोचलो. साहेबांनी लगेच कामाला लावले. टेबल, खुर्ची आणि मराठी टाइपरायटर मिळाला आहे. बोटे अजून अडखळतात, पण साहेब म्हणाले, महिन्यात सरावशील. रात्री त्यांच्याच खोलीबाहेर व्हरांड्यात झोपतो. आईला सांग, जेवणाचे हाल नाहीत.

आता कामाचे. आपले साहेब, रंगनाथराव, निवडून आले तेव्हा तूच म्हणाली होतीस ना, की निवडून येईपर्यंत सगळे रंगनाथराव आपले असतात? ते खोटे ठरले, आता तुझे तोंड गोड करायला लागणार! साहेब विधानसभेत ऊसतोडणीला जाणाऱ्यांसाठी विधेयक आणणार आहेत. विधेयक म्हणजे कायदा होण्याआधीचा कागद. त्यात चार गोष्टी आहेत. मुकादमाला सरकारी परवाना लागेल. तोडणीच्या अड्ड्यावर राहायला कोपी आणि पिण्याचे पाणी कारखान्याने द्यायचे. कुणाला इजा झाली तर दवाखाना आणि भरपाईही कारखान्याकडेच. आणि तक्रार केली म्हणून कुणाला टोळीतून काढता येणार नाही. साहेबांच्या आईने स्वतः ऊस तोडलेला आहे. बोलताना त्यांचा गळा दाटून आला होता, मी डोळ्यांनी पाहिले.

पण सचिवालयातले लोक विचारतात, असे लोक जातात तरी किती? कुणी मोजलेलेच नाही. म्हणून साहेबांना नावे हवीत, अंगठ्यांसकट. आपली खडकवाडी आणि शेजारच्या वाड्या. हे काम तुझ्याशिवाय कुणाच्याने होणार नाही. चौथी शिकलेली बाई पंचक्रोशीत दुसरी नाही, आणि तुला लोक भितातही. दाजी तर भितातच.

तुझा,
गोरक्षनाथ


खडकवाडी, पो. तिसगाव
७ मे १९७२

चि. गोरक्षास भीमाबाईचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं. दाजी भितात म्हनं! दाजींनी ऐकलं आन् म्हनले, गड्याला मुंबईचं पानी लागलं. आई रोज इचारती, माजा ल्योक टोपी घालतो का साहेबासारखी. म्या सांगितलं, घालतो. घालत नसशील तर आता घाल.

नावं केली. सोपं काम न्हवतं बाबा. पैल्या दिशी कुनी अंगठा दिना. म्हनले, कागदावर अंगठा दिला की जमीन जाती. म्या म्हनलं, जमीन हाय कुठं जायला, तुमच्या नावावर नुसती दगडं हायती. मंग हसले आन् मऊ झाले. पर खरं सांगू का, अंगठे माज्या बोलन्यानं न्हाई आले. छबूबाईमुळं आले.

छबूबाई म्हंजे माजी धाकली जाऊ, तुला ठाऊकच हाय. मागच्या माघात कोल्हारच्या पुलापाशी भरल्या गाडीचं चाक तिच्या पायावरून गेलं. पुंजाराम मुकादमानं हळद लावली, चिंधी बांधली आन् दुसऱ्या दिशी म्हनला, फडात ये न्हाईतर घरी जा. पाय वाकडाच जुळला. ती काठी घेऊन माज्यासंगं घरोघर फिरली. दारात नुसती उभी ऱ्हायची. लोक तिच्या पायाकडं बगायचे आन् बोट शाईत बुडवायचे.

यादी कशी लिवावी हाच मोटा घोळ हुता. तलाठी गटानंबरानं लिवतो, मास्तर आडनावानं लिवतो. आमी आमच्या रीतीनं लिवली. मुकादम कोन, कोनता कारखाना, कोनता अड्डा, आन् खाली त्या टोळीतले कोयते. साहेबाला ठाऊक आसंल, तरी सांग, एक कोयता म्हंजे नवरा-बायकू. आमी दोगांचेबी अंगठे घेतले. बाईचा अंगठा कशाला, आसं दोन-चार बाप्ये म्हनले. म्या म्हनलं, मोळी बाईच्या डोक्यावर आन् अंगठा तुमचा एकट्याचा व्हय?

तीन मुकादमाच्या तीन टोळ्या. समदे मिळून पासष्ट कोयते. पासष्टावा आमचा. माजी सही, दाजींचा अंगठा. कागद बाजारात तिसगावला आपल्या वाडीतल्या कानिफनाथाच्या हातात दिला. तो मुंबईला जानार हुता, पोचवंल.

साहेबाला म्हनावं, छबूबाईचं नाव तेवडं मोट्यानं वाचा.

भीमाबाई


आमदार निवास, मुंबई
२ जुलै १९७२

ती. आक्कास दंडवत.

यादी मिळाली. काय सांगू, साहेबांनी ती टेबलावर पसरली आणि एकेक नाव वाचले. म्हणाले, गोरक्षा, सरकारच्या कुठल्याही खात्याला जमले नसते असे काम तुझ्या बहिणीने केले आहे. मुकादमवार, कारखानावार, अगदी बोट ठेवून माणूस काढता येईल! विधेयक दाखल झाले. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, कात्रण सोबत आहे. आईला वाचून दाखव.

काल कारखान्याचे चेअरमन आबासाहेब आले होते. वागायला मोठा मोकळा माणूस. येताना आंब्याची पेटी आणली, माझ्या हातावरही दोन आंबे ठेवले. साहेबांच्या निवडणुकीत दोन जीप आणि सगळे डिझेल त्यांचेच होते, हे मला कालच कळले. कारखान्यातल्या पोरांनी महिनाभर प्रचार केला, तोही त्यांच्याच सांगण्यावरून. म्हणून काही लगेच वाईट अर्थ घेऊ नकोस. साहेब म्हणाले, देणगी घेतली म्हणून माणूस विकला जात नाही. चेअरमनसुद्धा म्हणाले, कायदा हवाच, फक्त व्यवहार्य हवा.

साहेबांनी मला सचिवालयात कायमची नोकरी लावून देण्याचा शब्द दिला आहे. कुणाला अजून सांगू नकोस.

तुझा,
गोरक्षनाथ


खडकवाडी
२० ऑगस्ट १९७२

चि. गोरक्षास आशीर्वाद.

कात्रण आईनं देवाजवळ ठिवलंय. तिला वाचता येत न्हाई, तरी रोज बोट फिरवती.

हिकडं पावसानं दगा दिला. बाजरी गुडग्याएवडीबी झाली न्हाई. चारा न्हाई. दाजी रोज बैलांम्होरं बसून ऱ्हात्यात, जनू त्यांनी बैलांचं काय बिगडवलं हाय. आता समदा जीव दसऱ्यानंतरच्या गाड्यांवर. फडात गेलं की उसाचं वाढं फुकट मिळतं, बैल जगत्यात. औंदा पैशासाठी कोन जातंय? बैल जगवायलाच समदे चालले. औंदा जो गेला न्हाई त्याचा गोठा रिकामा झाला, आसंच समज.

तुजा त्यो मोकळा चेअरमन काय माज्या मनाला बसंना. गोरक्षा, जीप देनारा कधी जीपमदून उतरत नसतो. दाजी म्हनत्यात, कुंपनच शेत खायला लागलं तर राखन कुनी करायची? तुजं ध्यान ऱ्हाऊ दे. इधेयकाचं काय झालं ते लिव. छबूबाई रोज इचारती.

आन् ह्ये स्थलांतरित म्हंजे कोन, ते कात्रनात लिवलंय? आमीच ना ते? आमी तर आमच्याच जिल्ह्यात जातो, दोन दिसाच्या वाटंवर. तिथले लोक तसंच बगत्यात म्हना, परमुलखातून आल्यावानी. पानी भराय गेलं की आदी त्यांच्या बाया भरनार, मंग आमच्या. कायदाबी आमाला बाहेरचंच म्हनतोय का?

भीमाबाई


आमदार निवास, मुंबई
३० सप्टेंबर १९७२

ती. आक्कास दंडवत.

पत्राला उशीर झाला. काम फार आहे. विधेयकात थोडे बदल होत आहेत. समिती बसली आहे, कायद्याच्या भाषेत बऱ्याच गोष्टी मागेपुढे होतात, त्या पत्रात समजावून सांगता येणार नाहीत. साहेब थकलेले असतात. यादी नीट आहे, काळजी नको.

एवढेच सांगतो, आणि धाकट्याचे ऐक. औंदा तू आणि दाजी पुंजारामच्याच टोळीत जा. आगाऊ पैशाची उचल देईल ती मुकाट घ्या. यादीचा विषय कुणाजवळ काढू नकोस. कोण काय बोलतो तिकडे लक्ष देऊ नका. गाड्या जुंपा आणि निघा. बैल वाचले की सगळे वाचले.

आईला दंडवत. दहा रुपयांची मनीऑर्डर वेगळी केली आहे.

तुझा,
गोरक्षनाथ


खडकवाडी
२२ ऑक्टोबर १९७२

चि. गोरक्षास,

अक्षर लागंल तसं वाच.

परवा पुंजाराम पारावर आला. संगं बाकीचे दोन मुकादम. दरवर्षी एकेक जन यिऊन आपापली टोळी उचलतो, औंदा तिगंबी एकदमच. तवाच म्या दाजींना म्हनलं, कायतरी येगळं हाय. समदी वाडी जमली हुती. बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेला, चाकांना वंगन घातलेलं. पुंजारामनं खिशातून कागद काडला. छापल्यासारखा कागद, टाइपाचा. म्हनला, ज्यांची नावं वाचतो त्यांनी बाजूला व्हावं.

गोरक्षा, माजीच यादी हुती. पैल्या ओळीपासून. तिगंबी मुकादम, अड्डे, कोयते, माज्याच क्रमानं. मला काय वाटलं सांगू? मला वाटलं कायदा झाला! छबूबाईचं नाव घेतलं तवा म्या तिला कोपरानं ढोसलं, बग, मोट्यानं वाचलं.

समदी नावं वाचून झाली. पुंजाराम म्हनला, हे जे बाजूला झाले त्यांनी आता बाजूलाच ऱ्हायचं. तुमाला कायदा पायजे ना? कायद्याकडं जावा ऊस तोडाय. कुटलाबी कारखाना, कुटलाबी मुकादम तुमाला गाडीत घेनार न्हाई, समदीकडं ह्यो कागद गेलाय.

शेजारच्या रंगुबाईनं तिथंच खाली बसकन मारली. आन् मंग पुंजाराम माज्याकडं वळला, लई अदबीनं. म्हनला, भीमाबाई, तुमचं आन् सहादेवाचं नाव कागदात न्हाई. ही तुमची उचल. आन् दाजींच्या हातात नोटा कोंबल्या.

चौसष्ट घरानं आमच्याकडं बगितलं.

मला कुनी शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं. कुनी दिली न्हाई. छबूबाई काठी टेकत घरी गेली आन् आतून कडी लावली. एका घरातली जाऊ माजी! सांजच्याला कुनीतरी आमच्या दारात शाईची दौत आनून फोडली. ज्या दौतीतनं म्या त्यांचे अंगठे घेतले, तीच.

आता नीट ऐक. साहेबाच्या कपाटातनं कुनीतरी यादी चोरली हाय. तुज्या हापिसात चोर हाय, साहेबाला सांग, पोलिसात जावा. पर एक गोष्ट काय केल्या माज्या डोक्यात शिरंना, रातभर इचार करतीय. चोराला माजी काय दया आली? त्यानं आमचंच नाव का गाळलं?

लौकर लिव. हे लोक माज्या तोंडावर थुकायच्या आत लिव.

भीमाबाई


आमदार निवास, मुंबई
३ नोव्हेंबर १९७२

आक्का,

तुझे पत्र दहा वेळा वाचले. खोटे लिहायला घेतले होते, दोन कागद फाडले. आता खरे लिहितो.

चोर कुणी नाही. ऑगस्टच्या शेवटी चेअरमन परत आले. या वेळी आंबे नव्हते. दार लावून दोन तास बोलले. मी चहा घेऊन गेलो तेव्हा साहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. चेअरमन म्हणत होते, रंगनाथराव, पुढची निवडणूक काय बैलगाडीतून लढणार? आणि पक्षाला गेल्या खेपेला ज्या सोळा कारखान्यांनी निधी दिला त्यांना काय सांगू, की आमच्याच पैशाने आमच्यावर कायदा येतोय? रात्री साहेब जेवले नाहीत. सकाळी मला म्हणाले, गोरक्षा, त्या यादीच्या सात प्रती काढ. मी विचारले, कशाला साहेब? ते म्हणाले, काढ.

मी काढल्या. मीच टाइप केली आक्का. कार्बन घालून दोनदा बसलो. कशाला हव्यात ते मला कळले नव्हते असे मी म्हणणार नाही. कळले होते. म्हणूनच तुझे नाव गाळले. साहेबांनी प्रती चाळल्या, त्यांच्या ध्यानात आले नाही. मी घामाने भिजलो होतो. सापडलो असतो तर त्याच दिवशी गावी परत आलो असतो. तुझ्यासाठी मी एवढा धोका पत्करला, हे तरी मनात धर.

आणि विधेयकाचे विचारतेस. ते आता उलटे झाले आहे. मुकादमाला परवाना नाही. परवाना तोडणाऱ्याला. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक माणसाने, बाईने, कामाच्या गावी पोलीस पाटलाकडे नोंद करायची, आणि आधीच्या मुकादमाची चिठ्ठी दाखवायची की याची काही तक्रार नव्हती. चिठ्ठी नाही तर गावात राहता येणार नाही. कोपी, पाणी, दवाखाना ही कलमे पुढच्या विचारासाठी ठेवली आहेत. नाव मात्र तेच आहे, तोडणी कामगार संरक्षण. साहेब सभागृहात बोलले तेव्हाही त्यांचा गळा दाटून आला. लोकांनी बाके वाजवली. पुढच्या महिन्यात ते एका महामंडळाचे अध्यक्ष होतील असे म्हणतात.

आक्का, मी तरी काय करणार होतो? नाही म्हटले असते तर दुसऱ्या कुणी टाइप केली असती, आणि त्याने तुझे नाव गाळले नसते. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हे तूच मला शिकवलेस. उचल घे. दाजींना घेऊन निघ. बैल वाचव. लोक चार दिवस बोलतील आणि विसरतील. भाऊबीजेला रजा मागितली आहे. साडी घेऊन येतो, तेव्हा पायावर डोके ठेवून सगळे सांगेन.

माझी सचिवालयातली ऑर्डर निघाली. हे आत्ताच सांगणे बरे नाही, पण न सांगणे म्हणजे पुन्हा लपवणे होईल.

तुझा,
गोरक्षा


खडकवाडी
२१ नोव्हेंबर १९७२

गोरक्षनाथ यांस,

भाऊबीज होऊन पंधरा दिस झाले. तुमाला रजा मिळाली न्हाई, बरं झालं.

तुमचं पत्र यायच्या आदीच म्या उचल परत केली हुती. तिसऱ्या दिशी पुंजारामच्या वाड्यावर गेले. दाजी संगं हुते. म्या नोटा म्होरं केल्या तवा त्यांनी आडवलं न्हाई. म्या पुंजारामला म्हनलं, कागद दाव. त्यानं दावला. लई सुबक काम. टोळी खाली टोळी, मदे रेघ. म्या त्याच्याच खिशातला पेन घेतला आन् खाली आमचं नाव लिवलं. सहादेव आन् भीमाबाई, खडकवाडी. सही केली. पुंजाराम हसाय लागला, म्हनला, बाई, आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारतीस. म्या म्हनलं, धोंडाच फोडायचाय आता.

तसंच हाय. पासष्टबी घरं सरकारी कामावर खडी फोडत्यात, पाथर्डीच्या रस्त्यावर. दाजींनी बैल बाजारात नेले. लोक बैल फुकट सोडून जात हुते तिथं, गिऱ्हाईक कोन? एका खाटकानं दोन्ही घेतले. दाजी चालत आले आन् गोठा झाडला. रिकामा गोठा झाडला त्यांनी. म्या तवा रडले, आदी न्हवते रडले.

तुमी लिवलंय, तुज्यासाठी धोका पत्करला. गोरक्षनाथ, तुमी टाइपराच्या म्होरं बसला हुता. बोटाखाली पासष्ट घरं हुती. एक गाळता आलं, म्हंजे गाळता येत हुतं. साहेबाच्या ध्यानात आलं न्हाई म्हनता. मंग दोन गाळायची, धा गाळायची. न्हाईतर छबूबाईचं तरी गाळायचं. तिच्या पायाचं तुमाला म्या लिवलं हुतं. तुमी तिचं नाव वाचलं आसंल, मंग बोटं चालवली आसतील, छ आन् मंग ब. दोन डाव.

दुसऱ्या कुनी केलं आसतं म्हनता. करू द्यायचं. त्याला आमी चोर म्हनलो आसतो आन् मोकळे झालो आसतो. आन् त्याच्या यादीत आमचंबी नाव आसतं. समद्यांच्या बरुबर उपाशी ऱ्हानं आवगड न्हाई, ते आमाला जमतं. तुमी मला एकटीला पोट भरून दिलं आन् चौसष्ट घरातनं उठवलं. दुस्मानाला बी हे सुचत न्हाई, त्याला सख्खा भाऊच लागतो.

आजून निम्मे लोक माज्याशी बोलत न्हाईत. म्या उचल परत दिली तरी म्हनत्यात, ह्यातबी कायतरी आसंल. छबूबाईनं कडी काडलीय, भाकरीबी एका तव्यावर व्हती, पर माज्या तोंडाकडं बगत न्हाई. तुमचं पत्र पारावर वाचलं आसतं तर माजं तोंड धुऊन निघालं आसतं. समद्यांना कळलं आसतं कुनी केलं. दाजी म्हनलेबी, वाच. म्या वाचलं न्हाई. आईच्या कानावर गेलं आसतं. ती आजूनबी बाया भेटल्या की सांगती, माजा गोरक्षा मुंबईत कायदा लिवतो. तिचं वय झालं. तिला तेवडं ऱ्हाऊ द्या. म्हनून पत्र चुलीत घातलं.

मनीआर्डरचे धा रुपये परत धाडलेत. पुन्यांदा पाठवू नका, पोस्टमन तिसगावास्नं चालत येतो, त्याला उगा हेलपाटा.

पत्र जळत हुतं तवा आई जवळ आली. म्हनली, कुनाचं गं? म्या म्हनलं, साहेबाच्या हापिसातनं. ती म्हनली, मंग गोरक्षाचं न्हाई का आलं? म्या म्हनलं, न्हाई आये. त्याचं आता येनार न्हाई.

भीमाबाई सहादेव